ठोकीव तांब्याचं कपाट

१

लाकडाचं तांबं करायचं काम मी गेली अकरा वर्षं घरीच करते. लोक जुनी स्टुलं, आरशाच्या चौकटी, कोपऱ्यातली टेबलं आणून देतात आणि मी ती तांब्याची, पितळेची, कधी गंजक्या लोखंडाची करून परत देते. यात जादू काही नाही. आधी जुना रंग खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. मग काळ्या रंगाचा एक हात. काळ्यावर स्पंजने तांब्याचा रंग टिपत जायचं, सगळीकडे सारखा नाही, कुठे दाट, कुठे विरळ. कडांना आणि खाचांत कळंक चढल्यासारखा थोडा हिरवट. शेवटी लॅकर. चार हात लांबून बघणारा फसलाच पाहिजे. एका बाईंनी विचारलं होतं, "हे घासायचं कशाने हो?" मी म्हटलं, "घासू नका, खालचं लाकूड हसेल."

खरवडणं आणि लांबी हे अक्काचं काम, रंग माझा. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचे यजमान गेले तेव्हा चार दिवस म्हणून माझ्याकडे आली आणि राहिलीच. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. ती मला म्हणायची, "तू नुसतं लिंपतेस. मेहनत माझी आणि नाव तुझं." म्हणायची आणि हसायची.

मग ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि शेवटचे सात महिने मागच्या खोलीत खाटेवरच होती. जाऊन आता पाच महिने झाले.

तिची मुलगी, आमची ठकी, दुसऱ्या गावी असते. तिला पाचवा महिना आहे. दोन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला.

"मावशी, आईचं कपाट मला हवंय."

"घेऊन जा की. तुझंच आहे."

"तसं नको. त्या उदास तपकिरी रंगात ते बघितलं की मला ती खोली आठवते. तू त्याचं तांब्याचं कर. ते ठोकीव करतेस ना, तसं. रविवारी टेम्पो घेऊन येते."

मी बरं म्हटलं. ठकीला मी कधी नाही म्हटलेलं नाही. जवळचं म्हणावं असं तिच्याशिवाय मला आता कुणी नाही.

२

कपाट अक्काच्या उशाशी होतं. साधं, दोन दारांचं, माझ्या खांद्याएवढं उंच. मी ते रिकामं केलं. मधली फळीही काढून ठेवली. खोलीतून हलवलं मात्र नाही. एकटीला पेलणारं नव्हतं, म्हणून कागद पसरून तिथेच काम सुरू केलं.

ठोकीव तांबं करायचं तर लांबीचा जाडसर थर द्यायचा आणि तो ओला असताना चमच्याच्या पाठीने दाबत जायचं. हातोडीने ठोकल्यासारखे खळगे पडतात. वाळल्यावर त्यावर काळा, मग तांब्याचा रंग. खळग्यांत काळं उरतं, उंचवट्यांवर तांबं चमकतं. दोन्ही दारांवर मिळून मी सहाशे-सातशे खळगे तरी पाडले असतील. मनगट भरून आलं होतं.

तांब्याचा हात मंगळवारी झाला. बुधवारी सकाळी बघायला गेले तर डाव्या दारावर, खालच्या बाजूला, एक टेंगूळ होतं.

खळगा नव्हे, टेंगूळ. चमचा आत दाबतो. हे बाहेर आलेलं होतं, बोटाच्या टोकाएवढं, गुळगुळीत. मी मनाशी म्हटलं, हवेचा फुगा. लांबीत हवा राहिली की असं होतं. पॉलिश पेपर घेऊन घासलं, आणि तिथे हात थांबला. फुगा घासला की फुटतो, खाली पांढरी लांबी दिसते. इथे रंग जाऊन खाली लाकूड दिसलं. लाकडावर लांबीचा थर होता तो कुठे गेला, हे मला कळेना. आणि लाकूडच पुढे आलेलं होतं, पत्र्याला आतून पोचा काढावा तसं.

ओल धरली असेल, असं ठरवून मी तेवढ्या जागी पुन्हा रंग टिपला.

गुरुवारी तिथे पाच टेंगळं होती. चार ओळीने, आणि एक बाजूला, जरा खाली.

मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला नाही. ठेवायची गरज नव्हती.

३

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ठकीला मी ती सांगितलेली नव्हती. कुणालाच नाही.

अक्का आजारी असताना हाक मारत नसे. दम लागायचा तिला. ती हात लांब करून उशाजवळच्या कपाटावर बोटांनी वाजवायची. आधी दोन, मग थांबून एक. टक टक. टक. मी पुढच्या खोलीत काम करत असले तरी ऐकू यायचं. मी "आले गं" म्हणायची आणि जायची. पाणी हवं असायचं, कूस बदलायची असायची, कधी नुसतंच बोलायचं असायचं. "काय गं?" म्हटलं की म्हणायची, "काही नाही, जिवंत आहेस का बघितलं."

ती गेली त्या दिवशी सकाळी आठला मी खोलीत डोकावले. भिंतीकडे तोंड करून झोपलेली होती. रात्री झोप लागत नसे तिला, म्हणून उठवलं नाही, दार अलगद ओढून घेतलं. मग एका मोठ्या टेबलाला पितळेचा हात द्यायला बसले. पितळेचा हात एकदा सुरू केला की मध्ये उठता येत नाही. रंगाची कड ओली असेपर्यंत पुढचा पट्टा त्याला भिडवायचा. मध्येच थांबलं तर कड वाळते आणि सांधा दिसतो तो कायमचा दिसतो. सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं.

दुपारी बाराच्या सुमारास वाजलं. टक टक. टक.

मी म्हटलं, "आले गं. एवढा हात संपवते."

पुन्हा वाजलं. पुन्हा. मी म्हटलं, "आले, आले, अक्का." पण उठले नाही. टेबल अर्ध्यावर आलं होतं. वीस मिनिटं झाली असतील. शेवटी शेवटी वाजणं सावकाश झालं, मग थांबलं. मला वाटलं, झोपली. मी ब्रश धुतला, हात पुसले आणि गेले.

तिचा हात खाटेखाली लोंबत होता. गार होता. तिचे हात नेहमीच गार असत, म्हणून आधी मला कळलंच नाही.

ठकी संध्याकाळी आली. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "झोपेतच गेली ना, मावशी?" मी हो म्हटलं. पाच महिने मी त्या एका 'हो'वर जगत होते. कपाट तिच्या घरी जाण्याआधी तिला खरं सांगायचं, हे मी फोन ठेवतानाच ठरवलं होतं. सांगितल्यावर ती माझं तोंड तरी बघेल का, याची मात्र खात्री नव्हती.

४

शुक्रवारी सकाळी खालचे शिंपीकाका वर आले. त्यांचं दुकान बरोबर अक्काच्या खोलीखाली आहे. सभ्य माणूस, दारातच चपला काढून उभे राहिले.

"ताई, राग मानू नका. पण दुपारची ती ठोकाठोक जरा कमी करता येईल का?"

"कसली ठोकाठोक, काका?"

"आता हे तुम्ही मला विचारता? बाराच्या ठोक्याला सुरू होतं, वीसेक मिनिटं चालतं. माझं मशीन चालू असलं तर समजत नाही. पण काजं करायला बसलो की सुई बोटात जाते. काल तर गिऱ्हाईक म्हणालं, वर कुणी दार उघडत नाहीये का?"

"लाकडाचं काम चाललंय," मी म्हटलं. "रविवारी संपेल."

"काम करा हो, कामाला मी कोण नाही म्हणणारा. मला वाटलं, अक्का गेल्यावर तुम्ही..." ते अवघडले. "जेवणखाण नीट करता ना?"

ते गेल्यावर मी बसून आठवलं. बुधवारी आणि गुरुवारी, दोन्ही दिवस बारा वाजता मी बाजारात गेले होते. स्पंज संपला होता, मग लॅकर आणायचं राहिलं होतं. दोन्ही दिवस घराला कुलूप होतं.

५

शुक्रवारी बाराच्या आधीच मी मुद्दाम बाहेर पडले. शनिवारी मात्र गेले नाही.

सकाळी मी लॅकरचा हात दिला, आणि नवशिक्यासुद्धा करणार नाही अशी चूक केली. दारं उघडी ठेवून वाळवायची असतात. मी ती लावून घेतली. ओलं लॅकर दोन्ही दारांच्या फटीत गेलं आणि दारं एकमेकांना चिकटली. चूक म्हणते खरी. पण त्या वेळी ती दारं बंद असलेली मला बरी वाटत होती.

बाराला पाच मिनिटं असताना मी खाटेवर जाऊन बसले. गादी काढून टाकली होती, नुसत्या पट्ट्या होत्या. खोलीत लॅकरचा वास होता. खिडकीतून ऊन येऊन कपाटावर पडलं होतं आणि ते खरंच फार सुंदर दिसत होतं. एवढं चांगलं तांबं मी आजवर केलं नव्हतं. खालून शिंप्याचं मशीन ऐकू येत होतं.

मशीन थांबलं.

टक टक. टक.

मी आतापर्यंत मनाला बरंच काही सांगितलं होतं. लाकूड आक्रसतं. लॅकर वाळताना ताणतं. भिंतीत पाण्याचा नळ आहे. त्यातलं एकही मला त्या वेळी आठवलं नाही. आवाज लाकडाचा नव्हता. लाकूड असं वाजत नाही. तो घुमला, तांब्याचं भांडं वाजावं तसा, आणि आतल्या आत फिरत राहिला.

टक टक. टक.

डाव्या दारावर ऊन तिरपं पडलं होतं, म्हणून दिसलं. प्रत्येक ठोक्याला पृष्ठभाग हलत होता. माझ्या चमच्याचा एक खळगा सावकाश सपाट झाला, आणि मग बाहेर आला.

मी उठून पळाले नाही. शेजारी बसलेल्या बाईबद्दल वाटावं तसं मला स्वतःबद्दल वाटलं, की ही कशी बसून राहिली आहे. पण मला भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटत होतं. मागच्या वेळी वीस मिनिटं वाजलं होतं आणि मी गेले नव्हते.

६

लांबी लावायची पत्र्याची पट्टी घेऊन मी दारांच्या फटीत घातली. लॅकर सुटताना चरचरलं. ठोके चालूच होते, आता अगदी माझ्या मनगटापाशी.

"आले गं," मी म्हटलं. "अक्का, आले. चुकलं माझं. तेव्हाच यायला हवं होतं."

ठोके थांबले. दार उघडलं.

आत काही नव्हतं. मीच रिकामं केलेलं कपाट, आतून अजून तपकिरी, मागच्या बाजूला अंधार. पण तो अंधार जरा जास्त होता. कपाट माझ्या हाताएवढं खोल आहे. मला मागची फळी दिसत नव्हती.

"ये," मी म्हटलं. "बाहेर ये. किती दिवस आत बसशील? हे तुझंच घर आहे. ये, मी आहे ना."

आणि मी हात पुढे केला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या तळव्यावर एक हात आला. दिसला तो बोटांपुरताच, आणि तेही क्षणभर, कारण मी लगेच डोळे मिटून घेतले. त्याने माझा हात धरला. घट्ट नाही, आधाराला धरतात तसा. ऊबदार होता. मला रडू फुटलं. मनात आलं, बाई, जन्मभर तुझे हात गार, निदान आता तरी तुला ऊब मिळाली.

डोळे उघडले तेव्हा कपाटाची मागची फळी दिसत होती. दारं सपाट झाली होती. म्हणजे माझे खळगे होते तसेच होते, पण टेंगूळ एकही नव्हतं.

त्या दिवशी मी पोटभर जेवले.

७

रविवारी ठकी अकराला आली. पोट दिसायला लागलं होतं. टेम्पोवाल्यांनी कपाट खाली नेलं तेव्हा ती जिन्यात उभी राहून त्यांना ओरडत होती, "अहो दादा, तांबं आहे ते, सांभाळून!" आणि माझ्याकडे बघून डोळा मारत होती. टेम्पो पुढे गेला. ती बसने मागून जाणार होती.

आम्ही मागच्या खोलीत आलो. भिंतीवर कपाटाच्या जागी रंगाचा एक उजळ चौकोन उरला होता. मी तिला खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. पितळेचं टेबल, ओली कड, बाराला वाजलेलं, मी न उठणं. कालचं सांगितलं नाही. तेवढी अक्कल होती.

मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मावशी, हे तू पाच महिने मनात ठेवलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

"आणि मी तुला सांगायचं टाळत होते." तिने नाक पुसलं. "मृत्यूच्या दाखल्यासाठी मी डॉक्टरांकडे गेले होते ना, तेव्हा ते म्हणाले, आई पहाटेच गेली. सहाच्या आत. ते एकला आले तेव्हा अंग पार ताठलं होतं. तू आठला बघायला गेलीस तेव्हा ती नव्हतीच. मला वाटलं, तुला कळलं तर तुला वाटेल, आपण बघूनही ओळखलं नाही. म्हणून नाही बोलले."

"पण बाराला..."

"बाराला काही वाजलं नाही, मावशी. तुला सवय होती ऐकायची, कानाला वाटलं असेल. तू काही केलं नाहीस. कळतंय का तुला? तुझी काही चूक नाही."

ती मला जवळ घेऊन रडत होती. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते हलकं वाटणं पुरतं मनात उतरायच्या आत मला दुसरं कळलं.

बाराला वाजलं होतं. अक्का सहा तास आधी गेली होती.

मी काल 'ये' म्हटलं, ते कुणाला?

८

"तू माझ्याबरोबर चल," ठकी म्हणाली. "आजच. पिशवी भर. एकटी राहून कानाला काहीबाही ऐकू येतं. तिकडे बाळ आल्यावर मला कोण आहे? पुढची खोली तुझी, तिथे कर तुझं तांबं-पितळ. मी नाही ऐकणार हं."

याच बोलावण्याची मी वाट बघत होते, असं आता लिहिताना कळतं. माझा उजवा हात खाटेच्या कडेला टेकलेला होता. ठकी माझ्या डाव्या बाजूला बसली होती.

उजव्या हातात कुणाचा तरी हात आला. ऊबदार. आधाराला धरल्यासारखा.

मी मान वळवली नाही.

"नको," मी म्हटलं.

"का नको?"

"तुझ्या घरात मला करमायचं नाही."

"मावशी, काहीतरीच काय! मागच्या वेळी महिनाभर राहिली होतीस की."

हे पुरणार नव्हतं. ती हट्टी आहे, तिच्या आईसारखी. मी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे.

"खरं सांगू? सात महिने अक्काचं केलं. आता पुन्हा कुणाचं करायची ताकद नाही माझ्यात. बाळाचं बघायला बाई ठेव. आणि इकडेही सारखी येत जाऊ नकोस, मला काम असतं."

तिने उठून पर्स खांद्याला लावली.

"मी करायला बोलावत नव्हते, मावशी," ती म्हणाली.

तिने वाकून नमस्कार केला नाही, तेही बरंच झालं. मी जवळ गेले नाही. दारापर्यंतही गेले नाही. जिन्यावर तिची पावलं ऐकली. खाली शिंपीकाकांनी तिला काहीतरी विचारलं, ती न थांबता पुढे गेली.

मग मी उठून खिडकीशी गेले. माझ्याबरोबर तेही उठलं.

ठकी रस्ता ओलांडून पलीकडे पोचली. मला वाटलं, वळणार नाही. पण कोपऱ्यावर ती थांबली, वळून वर पाहिलं, आणि रागावलेली असूनही हात केला. मलाही करायचा होता. उजवा मोकळा नव्हता, म्हणून मी डावा उचलायला गेले.

तोही कुणीतरी हळूच धरला.